शेजारी कोण बसतं?

वर्गात शिरले की मूल कुठे बसलंय ते मी आधी बघते, आणि मग त्याच्या शेजारी कोण बसलंय ते. विशेष शिक्षिका म्हणून मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या शाळांमधून फिरायला लागल्यापासूनची ही सवय. मूल पहिल्या बाकावर एकटं असलं तर मला एक गोष्ट कळते, शेवटच्या बाकावर एकटं असलं तर दुसरी. शेजारी त्याची आई बसलेली असली तर तिसरी. आणि शेजारी त्याच्याच वयाचं, कोपराने ढोसणारं, खोडरबर पळवणारं, वहीत डोकावणारं दुसरं पोर असलं, तर त्या वर्गातलं माझं निम्मं काम माझ्या आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं.

आईवडील मला विचारतात, हा बोलेल का, ही चालेल का, दहावी होईल का. शिक्षक विचारतात, याला शिकवायचं काय आणि कसं. प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं शोधण्यातच माझा दिवस जातो. पण इतके वर्ग आणि इतकी घरं पाहिल्यावर माझं मत असं झालंय की बसण्याचा प्रश्न या सगळ्यांच्या आधी येतो. मूल नीट बसलंय का, आणि कुणाबरोबर बसलंय.

आधी नीट बसण्याबद्दल लिहिते, कारण तिकडे फारसं कुणी बघतच नाही.

भांडुपला डोंगराच्या अंगाला असलेल्या वस्तीतला एक मुलगा तिसरीत होता. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात. यात जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा कायमचा वेगळा होऊन बसतो. कुणाचे पाय ताठ, कुणाचे हात आपोआप वळवळणारे, कुणाची मानच सावरत नाही. या मुलाचे पाय ताठ होते आणि धड सैल. वर्गाच्या बाई जीव लावणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "तोंडी सगळं येतं हो त्याला. लिहायचा मात्र कंटाळा. दोन ओळी झाल्या की बाकावर मान टाकतो."

मी बाकाखाली वाकून पाहिलं. त्याचे पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर लोंबकळत होते.

हे क्षुल्लक वाटत असेल तर कुणीही उंच कठड्यावर पाठीला टेकू न घेता, पाय अधांतरी ठेवून पानभर लिहून पाहावं. आपलं धड आपल्या नकळत सावरलं जातं म्हणून हात मोकळा राहतो. या मुलाला धड सावरायलाच सगळी ताकद लागत होती. त्याच्यासाठी बसून राहणं हेच दिवसभराचं काम होतं, लिहिणं त्याच्यावरचं जादा काम. मान टाकणारं मूल कंटाळलेलं नव्हतं, थकलेलं होतं.

शाळेतल्या शिपाईमामांनी मोडक्या बाकाच्या फळ्यांतून पायाखाली ठेवायला चौरंगासारखं करून दिलं. तळवे टेकले, गुडघे काटकोनात आले. पाठीमागे घट्ट उशी, म्हणजे कंबर मागे सरकून बसते. वही घसरू नये म्हणून तिच्याखाली रबरी जाळी, घरात ताटाखाली घालतात ती. वहीला थोडा उतार हवा म्हणून जाड बॉक्स फाइल आडवी ठेवली. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जाडी आणली. खर्च म्हणावा असा काही झालाच नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पानं भरू लागला असं काही घडलं नाही. अक्षर वेडंवाकडंच राहिलं, वेळही लागतच राहिला. मान टाकणं मात्र थांबलं. मान वर राहिली की फळा दिसतो आणि शेजारचाही दिसतो. त्याच आठवड्यात बाईंनी त्याला पहिल्यांदा वर्गात बडबड करतो म्हणून दटावलं. ती बातमी त्यांनी मला फोन करून सांगितली, आणि आवाजात आनंद होता.

बसण्याच्या जागेचे हिशेब प्रत्येक मुलाचे निराळे. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला सरसकट पहिल्या बाकावर बसवतात. तिथे बसून त्याला बाईंची हनुवटी आणि साडीच्या निऱ्या दिसतात. त्याला ओठ दिसायला हवेत, चेहरा दिसायला हवा, म्हणून दुसऱ्या बाकावर थोडं बाजूला, आणि पंख्यापासून, रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब. यंत्र सगळेच आवाज मोठे करतं. त्याला बाईंचा आवाज आणि बेस्टच्या बसचा भोंगा यांत आवडनिवड नसते. फळ्याकडे तोंड करून बोललेलं या मुलापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून लिहून झाल्यावर वळून बोलावं, एवढी एक सवय बाईंना लागली तरी फार मोठा फरक पडतो. आणि मुंबईच्या पावसाळ्यात यंत्र दमट हवेने बिघडतं. रात्री काढून, पुसून, सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. हे मी जून उजाडला की प्रत्येक घरी जाऊन सांगते, कारण यंत्र बंद पडलेलं मूल वर्गात गप्प बसून राहतं आणि गप्प बसलेल्या मुलाबद्दल कुणाचीच तक्रार नसते.

कमी दिसणाऱ्या मुलीला फळ्यावर चमक येणार नाही अशी जागा लागते. वहीत जाड काळ्या रेघा आखून दिल्या तर ती ओळीत लिहिते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला दारापासून आणि जिन्यातल्या गोंगाटापासून दूरचा कोपरा बरा वाटतो. दिवसात कशानंतर काय येणार हे चित्रांनी ओळीने लावून समोर असलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहतो. मुसळधार पावसाने लोकल थांबल्या, बाई पोहोचल्या नाहीत आणि दोन वर्ग एकत्र बसवले, की त्याचा दिवस कोसळतो. अशा दिवसासाठीही एक चित्र आधीच करून ठेवावं लागतं.

आता शेजारच्याबद्दल.

कितीतरी शाळांच्या पायऱ्यांवर मला आया बसलेल्या दिसतात. सकाळी मुलाला कडेवर किंवा पाठीवर घेऊन आलेल्या, शाळा सुटेपर्यंत तिथेच. कुणी मणी ओवण्याचं काम बरोबर आणलेलं असतं, कुणी भाजी निवडत असते. घर दहा मिनिटांवर असलं तरी जाता येत नाही, कारण मधल्या वेळेत मुलाला शौचालयात कोण नेणार? शौचालयाच्या दाराला उंबरा, दार अरुंद, आत उकिडवं बसायचं भांडं, धरायला दांडी नाही. एका आईने मला सांगितलं, "बाई, मी सकाळपासून तिला पाणीच कमी देते." सांगताना तिच्या आवाजात काही विशेष नव्हतं. रोजच्या व्यवस्थेतली एक गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं. मुंबईच्या एप्रिलमध्ये, पत्र्याच्या वर्गात, एक सात वर्षांची मुलगी तहानलेली बसायची आणि कुणाला पत्ता नव्हता. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, डोकेदुखी ही सगळी पुढची रांग.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. २०१७ च्या एप्रिलपासून तो लागू आहे. त्याचं सोळावं कलम शाळांना सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत आणि सोयीसुविधा वापरता येतील अशा करा, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करा, आणि या मुलांच्या, तसंच ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या मदतनिसाच्याही प्रवासाची व्यवस्था करा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आणि मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता अशा तरतुदीही आहेत. पायरीवर बसलेल्या बाईला यातलं बहुतेक काही ठाऊक नसतं. तिला अर्ज लिहून देणं, कुठल्या टेबलाशी जायचं ते सांगणं, हे मी माझ्या शिकवण्याच्या कामाइतकंच महत्त्वाचं मानते. शौचालयात भिंतीला एक दांडी आणि भांड्यावर ठेवायची मधे भोक असलेली खुर्ची, एवढ्याने तिथलं चित्र बदलतं. या दोन वस्तूंसाठी शाळांनी निधी येण्याची वाट बघत बसू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पण आईला आत बोलावून मुलाशेजारी बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, हेही मी तेवढ्याच ठामपणे सांगते. बऱ्याच शाळा तोच उपाय काढतात. आई येते, शेजारी बसते, पेन्सिल टोकून देते, पान उलटून देते, बाईंनी प्रश्न विचारला की कानात उत्तर सांगते. दिसायला सगळं सुरळीत असतं. मात्र त्या बाकाकडे दुसरं मूल फिरकत नाही. मोठं माणूस शेजारी बसलं की पोरं गप्प होतात, डब्याची झाकणं बंद होतात, गुपितं थांबतात. शिक्षकही मुलाशी न बोलता आईशी बोलू लागतात. "त्याला सांगा वही काढायला." मूल समोर बसलेलं असतं, कान शाबूत असतात, आणि निरोप आईमार्फत जातो.

पगारी मदतनीस असली तरी हेच होऊ शकतं. चांगली मदतनीस मी ओळखते ती तिच्या उठून जाण्यावरून. शौचालय, खुर्चीतून उचलणं, डबा उघडणं झालं की ती वर्गाच्या मागे जाऊन बसते. मूल अडलं तरी लगेच धावत नाही, शेजारच्याने हात पुढे करायला तेवढा वेळ ठेवते. एका शाळेत अशा एक मावशी होत्या. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. त्या म्हणायच्या, "मी बसले की पोरं येत नाहीत हिच्याकडे. मग मी बसून काय करू?"

दुसऱ्या टोकालाही जपावं लागतं. बाई वर्गातली हुशार, समजूतदार मुलगी निवडतात आणि सांगतात, तू हिच्याकडे लक्ष दे हं. मुलगी लक्ष देते. दप्तर भरते, पाणी आणते, मधल्या सुट्टीत खेळायला न जाता बसून राहते. बाईंना तिचं कौतुक वाटतं. मला तिच्याकडे बघून कसंतरी होतं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीवर आपण नर्सपण लादलं, आणि दुसऱ्या पोरीला मैत्रीण मिळण्याऐवजी एक छोटी ताई मिळाली. मैत्रीत देणंघेणं दोन्हीकडून लागतं. म्हणून मी बाईंना सुचवते की दोघींना एक काम द्या आणि ते एकीला एकटीने होण्यासारखं नसू दे. जिला लिहिता येत नाही तिला गोष्ट चांगली सुचते, तर तिने सांगावं, दुसरीने लिहावं आणि खाली दोघींची नावं यावीत. जो पळू शकत नाही त्याने स्टॉपवॉच धरावं, निकाल द्यावा, आणि त्याच्या निकालावरून भांडणं होऊ द्यावीत.

शेजारी बसण्याची खरी कसोटी परीक्षेत लागते. ज्यांना स्वतः लिहिता येत नाही त्यांना लेखनिक, म्हणजे ते सांगतील ते लिहून देणारा मिळतो, आणि तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. जादा वेळही मिळतो, तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला तासभर. कागदावर ही सोय नीटनेटकी आहे. ती प्रत्यक्षात उतरवताना किती गोष्टी जुळून याव्या लागतात ते दहावीच्या मार्चमध्ये कळतं. नववीतल्या किंवा त्याखालच्या मुलाच्या आईवडिलांना समजवावं लागतं की तुमच्या मुलाचं काही बुडणार नाही. त्यांची काळजीही खोटी नसते, कारण त्याचीही परीक्षा तोंडावर असते. सगळे पेपर एकच लेखनिक देईल असं नाही. आणि आदल्या दिवशी ओळख करून दिलेला लेखनिक म्हणजे अंधारात नवा जिना चढण्यासारखं. सांगणाऱ्याचा वेग त्याला माहीत नाही, त्याचं हस्ताक्षर, त्याचं शुद्धलेखन सांगणाऱ्याला माहीत नाही. दृष्टिहीन मुलगी "ज्ञानेश्वर" म्हणते आणि लिहिणारा "ग्यानेश्वर" लिहून मोकळा होतो, गुण तिचे जातात. भूमितीची आकृती तोंडाने सांगायची ही तर स्वतंत्र कला आहे. बिंदूला नाव द्यायचं, कोनाची दिशा सांगायची, कंपास कुठे टेकवायचा ते सांगायचं.

म्हणून लेखनिकाची जोडी दिवाळीनंतर लगेच जमवावी, असं मी सगळ्या मुख्याध्यापकांना सांगत असते. दोघांनी मिळून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. कुठे थांबायचं, कुठे परत वाचून दाखवायचं, "आधीची ओळ खोड" कसं सांगायचं, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. अशा जोड्या मी पाहिल्या आहेत ज्या निकालानंतरही टिकल्या. दहावीचा मुलगा कॉलेजात गेला, लेखनिक स्वतः दहावीत आला, आणि मग मोठा धाकट्याला इतिहास तोंडी समजावून सांगायला येऊ लागला.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची गोष्ट थोडी निराळी, कारण त्यांचं अपंगत्व बाकावर दिसतच नाही. वाचताना अक्षरं निसटतात, गणितात आकडे जागा बदलतात, आणि बोलताना मूल चारचौघांसारखं, कधी चारचौघांहून तल्लख. त्यामुळे आळशी, उनाड ही विशेषणं त्यांना आयती मिळतात. मुंबईत सायन, नायर, केईएम या सार्वजनिक रुग्णालयांत अशा मुलांची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत सवलती मिळतात. महाराष्ट्रात या सवलतींची सुरुवात १९९६ सालीच झाली, देशात सगळ्यांत आधी. तरी आजही पालक प्रमाणपत्राला घाबरतात. शेजारीपाजारी काय म्हणतील, मुलगी असेल तर लग्नात आडवं येईल का. त्यांना मी दटावत नाही. घाबरण्यासारखी वागणूक त्यांनी आसपास पाहिलेली असते.

घरीही मी बसण्याची जागाच आधी बघते. दहा बाय बाराच्या खोलीत मुलाचा दिवस कुठे जातो? पुष्कळदा पलंगावर, भिंतीकडे. घरातले सगळे खाली जेवायला बसतात आणि त्याला पलंगावर आडवं ठेवून आजी भरवते. आजीची माया मी कधीच कमी लेखत नाही, पण आडवं भरवलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि मग वरचेवर न्यूमोनिया होतो. मूल सरळ बसलेलं, मान किंचित पुढे, पाय टेकलेले, घास लहान. हे मी करून दाखवते. दाखवताना आणखी एक गोष्ट साधून घेते. त्याला खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतींच्या काटकोनात टेकू देऊन, पुढ्यात पाट ठेवून, सगळ्यांच्या पंगतीत बसवते. पोळीभाजीची गुंडाळी केली तर ती त्याची त्याला धरता येते. सांडतं. थोडं सांडू द्यावं. पण त्या जेवणात टीव्हीवरच्या मालिकेबद्दल, चाळीतल्या भांडणाबद्दल, वडिलांच्या कंपनीतल्या ओव्हरटाइमबद्दल जे बोलणं चालतं ते त्याच्या कानावर पडतं. बोलता न येणाऱ्या मुलासमोर चित्रांचा तक्ता ठेवला तर तोही त्यात "अजून", "नको", "दादाला दे" म्हणतो. उपचाराच्या पाऊण तासात भाषा जेवढी येते त्याहून पंगतीत जास्त येते.

व्यायाम, हातपाय सरळ ठेवणारे स्प्लिंट, वाचा उपचार, रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून ऑक्युपेशनल थेरपी, हे सगळं लागतंच. डोळ्यांत तेल घालून ते करणाऱ्या आयांपुढे मी नतमस्तक आहे. मात्र घराचा दवाखाना झाला की सगळ्यांत आधी भावंडं दुरावतात. मोठ्या बहिणीला आई म्हणते, माझ्यामागे तुलाच बघायचंय याला. ती बारा वर्षांची असते. तिने भावाबरोबर कॅरम खेळावा, त्याच्याशी भांडावं, त्याच्या वाट्याचं चॉकलेट खावं आणि ओरडा खावा, असं मला वाटतं. पुढचं आयुष्य तिला या भावाबरोबर काढायचं असेल तर आज तिला त्याची गंमत वाटायला हवी, नुसतं ओझं नको. स्ट्रेचिंग करताना आईने मोजण्याऐवजी बहिणीने गाणं म्हणावं आणि मधेच चुकीचा शब्द घालावा. तो हसला की पाय आपोआप सैल पडतात. हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

गणपतीत घरोघरी हा प्रश्न येतो, की याला मंडळात न्यायचं का. ढोल-ताशाचा आवाज सहन न होणाऱ्या मुलाला कानांवर इअरमफ घालून, आरती सुरू होण्याआधी, गर्दी नसताना न्यावं. प्रसादाच्या ताटाशी बसवावं. येणाऱ्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचं काम द्यावं. एका इमारतीत असं काम गेली काही वर्षं एकच मुलगा करतो, आणि त्याने हातावर ठेवल्याशिवाय प्रसाद घ्यायचा नाही ही आता त्या मंडळाची रीतच झाली आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. सगळी मुलं घराजवळच्या सर्वसाधारण शाळेतच गेली पाहिजेत, असं मी म्हणत असले तरी या शहरातल्या विशेष शाळांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा १८८५ साली निघाली, दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीची शिवडीची जय वकील १९४४ ची. ज्या काळी या मुलांसाठी वर्गाचं दारच नव्हतं त्या काळी या शाळांनी दार बांधलं. कुलाब्यात १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली, त्यामागे त्यांच्या स्वतःच्या लेकीचं शिक्षण होतं. पुढे त्याच संस्थेने सर्वसमावेशक शिक्षणाचा, म्हणजे सगळ्या मुलांनी एकत्र शिकण्याचा आग्रह धरला. आणि खुणांची भाषा बोलणाऱ्या कर्णबधिर मुलाचा विचार केला तर माझं मत आणखी सावध होतं. ऐकणाऱ्या साठ मुलांच्या वर्गात त्याच्या शेजारी कुणीही बसलं तरी त्याची भाषा बोलणारं कुणीच नसतं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत गेलं की मधल्या सुट्टीत हातांचा नुसता धुमाकूळ असतो. विनोद, चुगल्या, शपथा. तिथे त्याला शेजार मिळतो. शाळेचा प्रकार ठरवताना पालकांनी हे जरूर बघावं, इमारत आणि फी नंतर.

मला खटकतं ते वेगळंच. २०१२ साली शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडायचा हक्क मिळाला. निवड कुटुंबाची आहे. काही मुलांसाठी, जी अंथरुणाला खिळली आहेत, ज्यांना वारंवार आकडी येते, ती दुरुस्ती आधाराची आहे, आणि अशा घरी मी जाते तेव्हा तेही शिकणंच असतं. पण काही ठिकाणी ही निवड शाळाच करून टाकते. "तुम्ही कशाला त्रास घेता, बाई येतील की घरी." मुलाचं नाव पटावर राहतं, मूल बाकावर नसतं. ज्या मुलाला पायाखाली एक फळी, शौचालयात एक दांडी आणि तळमजल्यावरचा वर्ग एवढंच हवं होतं, ते घरी बसतं. माझ्या आठवड्यातल्या भेटीने त्याला पाढे येतील. त्याच्या शेजारी बसायला मी वर्गातली साठ मुलं त्याच्या घरी कशी नेऊ?

विशेष शिक्षक पुरेसे नाहीत हेही खरंच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण घालून दिलं, प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे १५ मागे एक. ते प्रमाण प्रत्यक्षात यावं यासाठी पालकांनी आणि आम्ही मिळून बोलत राहायला हवं. तोवर वर्गातल्या बाई आणि वर्गातली मुलं हाच खरा कर्मचारीवर्ग आहे, आणि तो रोज हजर असतो.

सध्या माझ्या डोक्यात विक्रोळीची एक मुलगी आहे. व्हीलचेअर वापरते, बोलणं सावकाश आहे, विनोदबुद्धी तिखट. तिची शाळा सातवीपर्यंतच होती, आता आठवीला दुसऱ्या शाळेत जायचं आहे. नव्या शाळेचे मुख्याध्यापक चांगले वाटले. आठवीची एक तुकडी तळमजल्यावर आणतो म्हणाले. दाराशी उतार करायचाय, त्याचं मापही त्यांनी लिहून घेतलं, एक फूट चढायला बारा फूट लांबी. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, तेव्हा प्रयोगाचं सामान ट्रेमधून खाली आणायचं ठरलं. शौचालयाचं काम मे महिन्यात होईल असा शब्द दिलाय.

निघताना मी आणखी एक अर्ज पुढे केला. तिच्या जुन्या वर्गातल्या दोन मुलींनी याच शाळेत प्रवेश घेतलाय. एकीला तिचं सावकाश बोलणं पहिल्या झटक्यात कळतं. दुसरीशी तिचं दर आठवड्याला भांडण होतं आणि दर आठवड्याला मिटतं. तिघींना एकाच तुकडीत ठेवावं, एवढीच विनंती त्यात आहे. खाली तिघींच्या आयांच्या सह्या आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, तुकड्या गुणांवर पाडतो, असं कधी केलेलं नाही. मी म्हटलं, सर, उताराइतकंच हे लागणार आहे. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. त्याआधी मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी त्या दोघींना बरोबर नेणार आहे.